पक्षकाराकडून सूचना नाहीत

तीर्थरूप दादा (आपल्या दाव्यातला वादी) यास,

धाकट्या भावाचा (त्याच दाव्यातला प्रतिवादी) साष्टांग नमस्कार, आणि त्याखाली जे विनंती वगैरे लिहितात तेही लिहिलं असं समज.

पत्रात आधी प्रकृतीची चौकशी करायची असते. पण तुझं स्टेशनरीचं दुकान आणि माझी बाइंडिंगची खोली यांच्यामध्ये जी फळ्यांची भिंत आहे, तिच्यातून तुझा खोकला मला सकाळपासून ऐकू येतो आहे, तेव्हा प्रकृती कशी आहे हे विचारणं म्हणजे शाई वाया घालवणं. खोकला कोरडा आहे. औषधाचा दुपारचा डोस तू कुंडीत ओततोस (कुंडी माझ्या खिडकीखाली आहे, आणि तिच्यातलं झाड तुझ्यापेक्षा टवटवीत आहे), हे मी वहिनींना सांगितलेलं नाही, कारण आपण बोलत नाही. माझी प्रकृती तर तुला रोजच दिसते. माझ्या खोलीला दुसरं दार नसल्यामुळे मला तुझ्या गल्ल्यासमोरूनच आत जावं लागतं. मी आलो की तू वर्तमानपत्र तोंडापुढे धरतोस आणि मी छताकडे बघत पुढे जातो. परवा त्या नादात तुझ्या रंगपेट्यांच्या चळतीला धडकलो, त्याबद्दल क्षमा असावी. आता चार पावलांवर बसलेल्या माणसाला टपालाने पत्र कशाला, असं तुला वाटेल. कारण शेवटी येईल. खरं कारण शेवटी सांगायचं, हे मी कोर्टात शिकलो.

आपला वाद काय आहे हे तुला सांगणं म्हणजे आईला तिच्याच लेकरांची ओळख करून देणं. पण कोर्टाचा वारा लागल्यापासून मला कुठलाही कागद पहिल्यापासून मांडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तर तुझं म्हणणं असं की मागची खोली बाबांनी मला नुसती वापरायला दिली होती. आता तुला तिथे कॉपी काढायची यंत्रं मांडायची आहेत, सबब मी निघावं. माझं म्हणणं असं की खोली त्यांनी मला दिली. नुसती वापरायला दिली असती तर पुस्तकं दाबायचा तो बिडाचा प्रेस त्यांनी जमिनीत सिमेंट ओतून बसवला नसता. तो हलवायचा म्हणजे फरशी फोडायची, आणि फरशी फोडूनही तो अखंड निघेल याची खात्री नाही. प्रेस गेला तर माझा धंदा गेला, आणि या वयात मला दुसरं काही येत नाही. एवढाच वाद. एवढ्या वादाची फाइल आता माझ्या दोन हातांत मावत नाही (आणि तिची शिवण इतकी गचाळ आहे की बघवत नाही).

आता माझ्या वकीलसाहेबांविषयी. तू त्यांना कोर्टात लांबून पाहिलं आहेस. ते माझे जुने गिऱ्हाईक. निवाड्यांचे सुटे अंक दर वर्षी माझ्याकडे येतात आणि मी त्यांची लाल कातडी पुठ्ठ्याची पुस्तकं करून देतो. त्यांच्या पाठीमागच्या कपाटात जे ज्ञान दिसतं ते सगळं माझ्या हातचं आहे. दावा घेतला तेव्हा ते मला म्हणाले होते की पक्षकाराने वकिलाला वेळोवेळी सूचना देत राहावं. आता तुझ्या भावाचा स्वभाव तुला माहीत आहे. एखादी गोष्ट मनावर घेतली की मी ती सोडत नाही. मी रोज सकाळी त्यांच्याकडे जाऊन सूचना देऊ लागलो. ते फिरायला निघाले तर बरोबर चालत सूचना दिल्या. न्हाव्याकडे शेजारच्या खुर्चीत बसून दिल्या, केस कापायचे नसताना कापून घेतले. एकदा तर ते दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडं टाकून पडले होते, तिथे गाठून दिल्या. आजवरच्या भेटींत मला मधेच न तोडता त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं ते त्याच वेळी. जाताना मी म्हटलं की आजची आपली चर्चा फार समाधानकारक झाली. त्यांनी डोळे मिटले ते मी गेल्यावरच उघडले, असं डॉक्टर सांगत होते.

पण खरा घोटाळा झाला तो पुस्तकात. या वर्षीचे सुटे अंक बांधायला आले आणि मी घड्या घालता घालता वाचू लागलो. (बाइंडरने वाचू नये, असं बाबा म्हणत, वाचणारा बाइंडर आणि चाखणारा आचारी दोघंही मालकाचं नुकसान करतात. मी हसायचो.) बघतो तर त्यात भावाभावांच्या खोल्यांचे कितीतरी निवाडे! काही माझ्या बाजूचे, काही तुझ्या. मला वाटलं, बिचारे वकीलसाहेब ऐनवेळी पानं कुठे चाळत बसणार? म्हणून त्यांच्या सोयीसाठी माझ्या बाजूचे सगळे निवाडे मी पुढे घेतले. तुझ्या बाजूचे नेले अगदी शेवटी, जिथपर्यंत सहसा कुणी पोचत नाही. आणि त्यातला एक निवाडा इतका उद्धट होता (त्यात धाकट्या भावाला चक्क ‘उपकाराखाली राहणारा’ म्हटलं होतं) की तो पुस्तकात शिवायला माझा हात धजेना. पण कागद जाड होता, चांगला होता, टाकून देणं जिवावर आलं. तो मी पुठ्ठ्याला आतून अस्तर म्हणून चिकटवला आणि वरून रंगीत कागद लावला. काम इतकं सफाईदार झालं की मी स्वतः ते पुस्तक बराच वेळ हातात धरून बसलो होतो.

पुढे काय झालं ते वकीलसाहेबांच्या कारकुनाने मला सांगितलं. कुठल्याशा भलत्याच दाव्यात साहेब मोठ्या भावाच्या बाजूने उभे होते आणि त्यांची सगळी मदार नेमकी त्याच निवाड्यावर होती. न्यायाधीशांनी पान विचारलं. साहेबांनी ऐटीत पुस्तक उघडलं. निवाडा अनुक्रमणिकेत होता, पुस्तकात नव्हता. साहेबांनी पुढून चाळलं, मागून चाळलं, उलटं धरून झटकलं, आणि शेवटी न्यायाधीशांनी विचारलं की हा निवाडा झाला आहे की व्हायचा आहे. सगळं कोर्ट हसलं. साहेब परत आले, माझ्याकडे पुस्तक आणलं आणि मी खुलासा करून पुठ्ठ्यावर बोट ठेवून दाखवलं की निवाडा सुखरूप आहे, फक्त ओला करून सोडवावा लागेल. ते ओरडले नाहीत. दादा, वकील ओरडला तर समजावं की तो अजून आपला आहे. ते अगदी मऊ आवाजात ‘असू दे’ म्हणाले. त्या दिवसापासून मी गेलो की ‘या, बसा’, चहा, माझ्या सूचनांवर नुसती मान हलवणं. मी घरी येऊन हिला सांगितलं की आमचे संबंध आता फार सुधारले आहेत. ही म्हणाली की सासूबाई गोड बोलू लागल्या की मी आधी कपाटाला कुलूप लावायचे. (आई ऐकायला नाही म्हणून लिहितो.)

संबंध सुधारत असतानाच त्यांनी मला नोटीस पाठवली होती. रजिस्टर पोस्टाने, पोच मागवून, की मी तुमचा दावा सोडत आहे, दुसरा वकील बघा. आता ही नोटीस गेली कुठे? तर दाव्यातल्या माझ्या पत्त्यावर. आणि दाव्यात माझा पत्ता कोणता? घर तिकडे नाक्यापलीकडे असताना पत्ता मागच्या खोलीचा दिला तो वकीलसाहेबांच्याच सल्ल्याने. म्हणाले, तिथला पत्ता दिला की तिथला ताबा दिसतो. आणि मागच्या खोलीचं टपाल कुठे येतं? तुझ्या गल्ल्यावर! बाबांच्या वेळेपासून घरादाराचं सगळं टपाल तूच सही करून घेतोस आणि आतल्या दाराच्या चौकटीवर जो लोखंडी आकडा आहे त्याला अडकवतोस. ज्याचं त्याने जाता-येता काढून न्यावं. दावा लागल्यावर मी शपथ घेतली होती की तुझ्या आकड्याला हात लावणार नाही. (तुला ती माहीत असायचं कारण नाही. मी ती मनातल्या मनात घेतली होती, आणि वर छताकडे बघून.) म्हणजे माझा वकील मला सोडतो आहे ही बातमी माझ्याच डोक्याशेजारी लटकत होती, आणि मी रोज तिच्याखालून ताठ मानेने वकिलाला सूचना द्यायला जात होतो.

मग ती तारीख उजाडली. तू पुढच्या बाकावर होतास, मी मागच्या. पुकारा झाला, माझे वकीलसाहेब उभे राहिले आणि त्यांनी पुरशीस दिली. पुरशीस म्हणजे वकिलाने कोर्टाला द्यायची लेखी चिठ्ठी, हे मला तेव्हाच कळलं. तीत लिहिलं होतं: पक्षकाराकडून सूचना नाहीत, सबब वकीलपत्र मागे घेत आहे. दादा, सूचना नाहीत! ज्या माणसाने दाढ उपटून घेताना माझ्या सूचना ऐकल्या तो माणूस हे म्हणाला! न्यायाधीशांनी विचारलं, पक्षकाराला कळवलं आहे का. साहेबांनी पोच पुढे केली. न्यायाधीशांनी चष्मा वर केला, खाली केला आणि विचारलं, ही सही कुणाची. कारकून म्हणाला, सही वाचता येत नाही, पण पत्ता बरोबर आहे. न्यायाधीश म्हणाले, बरं.

तू म्हणशील, तू तिथेच होतास ना, मग मूग गिळून काय बसला होतास? त्याचं असं आहे की पहिल्याच दिवशी वकीलसाहेबांनी मला बजावलं होतं: मी उभा असताना तुम्ही बोलायचं नाही. त्यांनी सांगितलेली ही एकच गोष्ट मी कधी मोडली नव्हती. आता ते उभे तर होते. पण ते अजून माझे होते की नव्हते, हे मला कुणाला विचारावं कळेना; विचारायचं ते माणसाने आपल्या वकिलालाच ना? ते उभे राहिले तेव्हा माझे होते, बसले तेव्हा कुणाचेच नव्हते, आणि मधल्या मधे मी अर्धा उठलेला होतो. शिपायाने मला खूण केली की बसा. मी बसलो. शिपायाचं काय चुकलं? त्याला मी नुसता बघ्या वाटलो. मग तुझे वकील म्हणाले की प्रतिवादी गैरहजर आहे, दावा एकतर्फी चालवावा. न्यायाधीश काहीतरी लिहीत राहिले. पुढच्या तारखेला एकट्या तुझी जबानी आणि मग निकाल, असं ठरलं. माझ्या खोलीचा निकाल लागत होता आणि त्या खोलीत राबलेला माणूस मागच्या बाकावर गैरहजर बसला होता.

त्या दिवशी मला तुझा इतका राग आला की सांगायची सोय नाही. पोच कुणाच्या सहीची ते मला लांबूनच कळलं होतं. मी तुझ्यापुढे नाही, पण त्या गंजक्या आकड्यापुढे उभा राहून मनात तुला नाही नाही ते बोललो. नंतर घरी जाताना रडू आलं, तेही लिहून टाकतो. पण मग जेवताना मला सारखं एकच आठवायला लागलं. सही कुणाची, असं न्यायाधीशांनी विचारलं तेव्हा तू मागे वळून माझ्याकडे बघितलं होतंस. तुझं तोंड उघडलं होतं, दादा. मी पाहिलं. आणि तुझ्या वकिलांनी तुझ्या गुडघ्यावर हात ठेवला होता.

मी वकीलसाहेबांना जिन्यात गाठलं. म्हटलं, अहो, आदल्याच सकाळी तुमच्यासमोर बसून मी चहा पीत होतो, तेव्हा नुसतं तोंडाने सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं? त्यावर ते अत्यंत गंभीरपणे म्हणाले की समोर बसणं म्हणजे बजावणी नव्हे. कायद्याने नोटीस द्यायला सांगितली आहे, ती दिली. मी म्हटलं, ती मला मिळाली नाही. ते म्हणाले, पोच आली आहे. मी म्हटलं, पण मला नाही मिळाली. ते म्हणाले, तो तुमचा आणि पोस्टाचा प्रश्न. आणि जाता जाता म्हणाले की पुस्तकाचा तो पुठ्ठा अजून सुटलेला नाही, तेवढं बघा. गंमत म्हणजे मी हो म्हणालो. (बघितलंही. निवाडा आता सुटला आहे, वाळत घातला आहे. अजूनही उद्धटच आहे.)

आता मी एक वकीलबाई बघितल्या आहेत. वयाने लहान आहेत, पण बोलतात असं की समोरच्याने आपोआप नीट बसावं. पहिल्याच भेटीत त्यांनी मला लेखी सांगितलं की सूचना आठवड्यातून एकदा आणि चपला बाहेर काढून. त्यांचं म्हणणं असं की वकील दावा सोडू शकतो, ती काही जन्माची गाठ नाही. पण सोडण्याआधी पक्षकाराला खरोखर कळलं पाहिजे आणि दुसरा वकील बघायला त्याला उसंत मिळाली पाहिजे. नुसती पोच फाइलला लागली म्हणजे माणसाला कळलं असं होत नाही. आणि नोटीस ज्याच्या हातात पडली तो जर समोरचाच पक्ष असेल, तर ती न दिल्यासारखीच. हे दाखवलं तर एकतर्फीचा हुकूम उठेल आणि माझी बाजू ऐकली जाईल. मी म्हटलं, म्हणजे खोली मिळेल? त्या म्हणाल्या, मिळेल असं मी म्हटलेलं नाही. हरायचंच असेल तर निदान बोलून हरा. मला ते पटलं. आकड्यावरचं पाकीट त्यांनी काढू दिलेलं नाही. म्हणाल्या, हातात घेतलंत की तुम्हाला ते मिळालं असं होईल. म्हणून ते अजून तिथेच आहे आणि मी अजून त्याच्याखालून जातो. फरक इतकाच की आता वाकून जातो.

बाकी सर्व क्षेम. वहिनींना नमस्कार, आणि त्यांना सांग की मी त्यांच्यावर रागावलेलो नाही. दाव्यात त्यांचं नाव नाही. मुलांना आशीर्वाद. धाकटीचा नकाशाचा अॅटलास फाटला आहे असं भिंतीतून कळलं. तो रात्री गल्ल्यावर विसरल्यासारखा ठेवून द्या, सकाळी बांधलेला असेल. त्याला आपण बोलणं म्हणणार नाही.

तुझा आज्ञाधारक (कोर्टाच्या कामकाजापुरता गैरहजर)
धाकटा

ता. क. मुख्य मुद्दा राहिला. पुढच्या तारखेला तू उभा राहून एवढंच सांगशील का, की पोचेवरची सही माझी आहे, त्याची नाही? यात तुझं नुकसान आहे हे मला कळतं. मी असतो तर सांगितलं असतं का, याचा मी प्रामाणिकपणे विचार केला आणि मग तो विचार सोडून दिला.

दुसरा ता. क. वरचं सगळं खरं आहे, पण पत्राचं कारण ते नाही. दाव्यावर तू पूर्ण नाव लिहून, मास्तर पाठीशी उभे असल्यासारखी सावकाश सही केली आहेस. टपालाची तुझी सही निराळी: एक उभी रेघ आणि तिला गुंडाळलेला दोरा. वकीलबाईंना ती दुसरी सही हवी आहे, नोटिशीच्या पोचेशी ताडून बघायला. म्हणून त्यांनी सांगितलं की भावाला रजिस्टर पत्र पाठवा, पोच मागवा. आत कोरा कागद असला तरी चालेल. माझ्याने कोरा कागद पाठववेना, म्हणून हे सगळं लिहिलं. तुझ्या खोकल्याची चौकशीसुद्धा तुझी सही मिळवण्यासाठीच आहे. (खोकला तरीही बरा कर.)

तिसरा ता. क. हा टपाल कचेरीच्या खिडकीपाशी उभ्याने लिहितो आहे, अक्षर सांभाळून घे. वाटेत माझ्या लक्षात आलं की तू सही आधी करशील आणि पत्र नंतर वाचशील. म्हणजे वकीलसाहेबांनी माझं जे केलं तेच मी तुझं करणार. मी पाकीट उघडं ठेवून पाठवायला निघालो, तर खिडकीतल्या बाई म्हणाल्या की उघडं पाकीट रजिस्टर होत नाही. म्हणून मग पाकिटावरच, पत्त्याच्या वर, मोठ्या अक्षरात लिहिलं आहे: ‘दादा, ही सही मी कोर्टात तुझ्याविरुद्ध दाखवणार आहे. नको असेल तर पत्र न घेता परत पाठव.’ वकीलबाईंना हे कळलं तर त्याही दावा सोडतील, आणि त्यांची नोटीसही तुझ्याच गल्ल्यावर येईल. खिडकीतल्या बाईंनी ते दोनदा वाचलं आणि मला विचारलं की अहो, असं वर लिहिल्यावर हे पत्र सही करून घेईल कोण? मी म्हटलं, तुम्ही आमच्या दादाला ओळखत नाही. माझं टपाल त्याने आजवर कधी परत पाठवलेलं नाही.